माळवदातलं ध्वनिमुद्रण: एका न गाजलेल्या अल्बमची घडण

लोकवाद्यांसह अल्बम करायचा तर पहिला प्रश्न स्टुडिओचा नसतो, पंचांगाचा असतो. सांगली जिल्ह्यात गोंधळी नवरात्रापासून दिवाळीपर्यंत घरी सापडत नाही. मग तुळशीची लग्नं झाली की लग्नसराईतले गोंधळ सुरू होतात. मार्गशीर्षात जतची यल्लम्मा, पौषात कऱ्हाडजवळच्या पालचा खंडोबा, चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा. हलगीवाल्यांना जत्रांबरोबर कुस्तीची मैदानंही असतात. हे सगळे एकाच वेळी मोकळे मिळतात ते आषाढ, श्रावण आणि भाद्रपदात. नेमक्या त्याच महिन्यांत कातडी वाद्यं ओल धरतात आणि उतरतात.

यातून वाट भूगोलानं काढून दिली. सांगली-मिरजेचा कृष्णाकाठ पावसाळ्यात दमट असतो, पण पूर्वेकडची आटपाडी, जत, कवठेमहांकाळ ही पर्जन्यछायेतली गावं श्रावणातही बऱ्यापैकी कोरडी राहतात. म्हणून आमच्या अल्बमसाठी कातडी वाद्यांची गाणी आटपाडीकडे आणि बाकीचा आवाज, तंबोरा, गिटार मिरजेत, अशी वाटणी केली. कृष्णाकाठी उघड्यावर काही करायचं तर दिवाळीनंतर अजिबात जमत नाही. ऊसतोड सुरू झाली की रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि त्यांच्यावरचे स्पीकर चालू असतात. पूर्व भागातली अडचण वेगळी: पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. हा वारा माइकवर आदळला की आवाजाच्या तळाशी जी घरघर बसते ती नंतर कापता येत नाही, कारण ढोलाचा खर्जही तिथेच असतो.

अल्बमची गायिका स्वतः शब्द लिहिते, चाली बांधते आणि गिटार वाजवते. गाणी आठ. दोन जात्यावरच्या ओवीच्या गळ्यावर, दोन गोंधळाच्या अंगानं, एक चौंडक्यावर (तात आणि कातडं असलेलं देवीच्या गाण्यांचं वाद्य), एक धनगरी गजी ओवीच्या ढंगात, एक हलगी, घुमकं (घुमणारं चर्मवाद्य) आणि कैताळ (झांज) यांवर, आणि आठव्यात फक्त गिटार व तंबोरा. शब्द सगळे नवे. देवीच्या आवाहनाचं किंवा विधीतलं एकही पद उचललं नाही. गोंधळात कुठलं पद देवीच्या मांडलेल्या चौकापुढेच म्हणायचं आणि कुठलं बाहेर म्हटलेलं चालतं, हे गोंधळ्यांना नेमकं माहीत असतं. ते आधी विचारून घेतलं आणि त्यांनी नको म्हटलेल्या चालींना हातही लावला नाही. ध्वनिमुद्रण आणि संयोजन आमच्याकडे होतं, त्या कामाचा हा तपशील.

खोली म्हणून जुनं माळवदाचं घर निवडलं. लांबी साधारण १८ फूट, रुंदी ११, उंची ९. दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि किलच (तुळयांवर अंथरलेल्या लाकडी फळ्या), त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पत्र्यावर पावसाचे चार थेंब पडले तरी काम थांबतं, माळवदावर सर ऐकूही येत नाही. तुळयांच्या खाचाखोचांमुळे आवाज छतावरून सरळ परत न येता विखुरतो. जमीन शेणानं सारवलेली असावी. शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर सतरंजी आणि वर वाकळ अंथरावी लागते.

दगडी भिंतींचा दोष मात्र मोठा. समोरासमोरच्या दोन सपाट भिंतींत टाळी वाजवली की फडफड ऐकू येते, कारण आवाज दोन्हींच्या मध्ये ये-जा करत राहतो. त्यावर घोंगडी हा या भागातला उत्तम उपाय. मेंढीच्या लोकरीची, खरखरीत, वजनदार घोंगडी. ती भिंतीला चिकटवून टांगायची नाही. चार इंच पुढे, बांबूवर टांगायची. अगदी भिंतीपाशी हवेचे कण जवळजवळ हलत नाहीत, म्हणून तिथलं कापड फक्त सर्वांत बारीक आवाज शोषतं. थोडं पुढे आणलं की मधले सूरही पकडतं. दोन समोरासमोरच्या भिंतींपैकी एकच झाकायची. दोन्ही झाकल्या की हलगी खोक्यात वाजवल्यासारखी लागते आणि मग तिच्यात जीव आणायला कृत्रिम घुमारा घालावा लागतो.

वीज बॅटरीवरच ठेवली. आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी सुरू-बंद होताना दाब खालीवर होतो, आणि स्वस्त इन्व्हर्टरचा करवतीसारखा गुणगुणाट थेट तुणतुण्याच्या सुरात येऊन बसतो. लॅपटॉप आणि इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं यंत्र) चार्जरपासून तोडून चालवले की हा त्रास संपतो. मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर. सर्वांत मोठा ठोका शून्याच्या (ज्यापुढे आवाज फाटतो त्या पातळीच्या) खाली १२ डेसिबलवर राहील इतकी पातळी ठेवली. २४ बिटमध्ये पातळी कमी ठेवल्यानं काही बिघडत नाही, पण लोककलावंत तालमीत वाजवतो त्याच्या दीडपट जोरात प्रत्यक्ष वाजवतो, आणि फाटलेला ठोका दुरुस्त होत नाही.

आता हलगी. तिच्यावर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

हलगीचं कातडं तापवल्याशिवाय बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तापलेलं कातडं किती वेळ त्याच सुरात राहतं, हे मुद्रण करणारा क्वचितच मोजतो. उसाच्या पाचटाच्या जाळावर दोन-तीन मिनिटं धरलेली हलगी खणखणीत चढते. कोरड्या हवेत सात-आठ मिनिटं ती धड राहते, मग उतरू लागते. ओलसर हवेत त्याच्या निम्मीही टिकत नाही. कातडं हवेतला ओलावा परत ओढतं आणि सैल पडतं. याचा परिणाम संकलनात दिसतो. पहिल्या टेकची (एका दमात केलेल्या मुद्रणाची) सुरुवात आणि चौथ्या टेकचा शेवट जोडायला गेलं की सांध्यावर हलगी एकदम पाव-अर्धा स्वर खाली घसरते. हा सांधा कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट लपत नाही, कारण सुराबरोबर ठोक्याचा पोतही बदललेला असतो.

म्हणून दोन हलग्या ठेवायच्या. एक वाजत असताना दुसरी जाळापासून हातभर अंतरावर उबेत. प्रत्येक टेकआधी जाळावर धरण्याचा वेळ घड्याळावर सारखा ठेवायचा आणि टेक सुरू व्हायच्या आधी मधोमध एक, काठावर एक असे दोन सुटे ठोके मुद्रित करायचे. संकलनात कुठला टेक कुठल्याशी जुळतो ते या दोन ठोक्यांवरून लगेच कळतं. जाळ अंगणात, खोलीपासून दूर, कारण पाचटाची तडतड माइकला ऐकू येते. हल्ली फायबरची हलगी सर्रास मिळते आणि तिला हा कसलाच त्रास नाही. मिरवणुकीत ती ठीक. माइकपुढे मात्र तिचा काठाचा आवाज पत्र्यासारखा कडक येतो आणि मधला भरीव ठोका येतच नाही. कातड्याला पर्याय नाही, असं आमचं ठाम मत आहे.

माइक हलगीपासून पाच फुटांवर, कातड्याच्या थेट समोर न ठेवता तिरका. उजव्या हातातलं जाड टिपरू मुख्य ठोका देतं आणि डाव्या हातातली बारीक काडी मधली तडतड भरते. माइक जवळ आणला की काडी फार वर येते आणि ठेक्याचा तोल जातो. घुमकं हलगीच्या बाजूला, कैताळ मात्र दहा फूट मागे, जवळजवळ दारात. कैताळाची झांज सगळ्या माइकांत शिरते, तिला स्वतंत्र माइक लागत नाही.

चौंडक्याचं तंत्र निराळं. ते काखेत धरतात, तात (तिची तार) हातानं ताणून छेडतात आणि ताण बदलून सूर वरखाली ओढतात. माइक फक्त कातड्याकडे धरला की नुसता ढुम ऐकू येतो, ओढ हरवते. सव्वा फुटावरून तात आणि कातडं दोन्हींकडे पाहणारा एकच माइक पुरतो. तुणतुण्याची खुंटी पावसाळ्यात सरकते. खुंटी काढून तिच्या मानेला खडू घासला की ती पकड धरते. एवढं साधं काम राहून गेलं तर सहा मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी तुणतुणं गायिकेखाली उतरलेलं असतं, आणि ती नकळत त्याच्याबरोबर उतरते.

सुराचं गणित गिटारपासून सुरू होतं. गिटारचे पडदे समान अंतराच्या सप्तकावर बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यात आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो. एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट, म्हणजे फरक कानाला स्पष्ट कळण्याइतका. पाश्चात्त्य पद्धतीच्या प्रत्येक मेजर कॉर्डमध्ये हा गंधार असतो आणि खाली तुणतुणं वाजत असेल तर तो टोचतो. उपाय म्हणजे कॉर्डमधून गंधारच काढून टाकणं. तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावल्या की सा-प-सा-म-प-सा मिळतात, मोकळ्या तारांत गंधार राहतच नाही. गोंधळाची पार्टी काळी दोनला सूर धरत होती, म्हणून पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावला. गंधार गायला फक्त गळा, आणि तो जिथे लावील तिथे. याच कारणानं पेटी आठपैकी एकाही गाण्यात नाही.

तंबोरा मिरजेत होता तिथेच मुद्रित केला. सतारमेकर गल्लीत तो जिथे घडतो, तिथेच त्याची जवारी (घोडीवरून तारेला मिळणारी झणझण) हव्या त्या बेताची करून घेता येते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथल्या कारागिरांच्या कानाला त्याआधीच दीड शतकाचा सराव आहे. मैफलीसाठी जवारी खुली लागते. गिटारसोबत शब्दप्रधान गाणं असेल तर ती थोडी बंद ठेवून घ्यावी. फार खुल्या जवारीची झणझण च, स, ट यांसारख्या व्यंजनांच्याच पट्ट्यात पसरते आणि शब्द पुसट होतात. कारागिराला हे सांगितलं की घोडीवर कानशीचे दोन-चार हात फिरवून तो ते करतो. माइक दोन फुटांवर, भोपळा आणि घोडी यांच्या मधोमध रोखलेला. मुद्रण गाण्याच्या दुप्पट लांबीचं, म्हणजे एकच तुकडा पुन्हा पुन्हा जोडावा लागत नाही. पुनरावृत्ती ऐकणाऱ्याला कळली नाही तरी कान कंटाळतो.

गोंधळाच्या दोन गाण्यांत खरी कसोटी लयीची होती. संबळ ठराविक लयीत राहत नाही, राहूही नये. एका गाण्याची सुरुवात मिनिटाला ९६ मात्रांना झाली आणि शेवट १२८ ला. कानात मेट्रोनोमची टिकटिक दिली की संबळवाला तिच्याशी झगडत बसतो आणि चढण मरते. हेडफोनही नको. मुख्य गायकाचा शेवटचा शब्द झीलकरी (मागे साथ गाणारे) उचलतात, तो त्याच्या चेहऱ्याकडे आणि मानेकडे पाहून. कान झाकले की झील अर्ध्या मात्रेनं मागे पडते. म्हणून पूर्ण पार्टी अर्धवर्तुळात एकत्र बसवून, गायिका मध्यभागी, असं सलग मुद्रण केलं. तिच्यापुढे आठ आकड्याच्या आकारात ऐकणारा माइक. तो पुढून-मागून ऐकतो आणि दोन्ही बाजूंनी बहिरा असतो. संबळ त्या बहिऱ्या बाजूला बसवला की तिच्या माइकमधला त्याचा शिरकाव बराच कमी होतो. झीलकरी माइकच्या मागच्या बाजूला, सहा फुटांवर. म्हणजे एकाच माइकमध्ये ती जवळ आणि ते लांब, जसं प्रत्यक्ष गोंधळात ऐकू येतं तसं.

गिटार नंतर वाजवली, आणि त्यासाठी लयीचा नकाशा करावा लागला. सहा मात्रांच्या प्रत्येक आवर्तनाच्या समेवर हातानं खूण करायची. सहा मिनिटांच्या गाण्यात शंभरावर खुणा होतात. सॉफ्टवेअरला आपोआप करायला सांगितलं तर ते संबळाच्या वाकड्या काठीचा घाव सम समजून बसतं आणि सगळा नकाशा दीड मात्रेनं सरकतो. खुणा झाल्या की गिटार वाजवताना लय कुठे किती चढते ते आधीच दिसतं. इथे एक पथ्य पाळायचं: नकाशा गिटारसाठी आहे, संबळ दुरुस्त करायला नाही. संबळाचा एकही ठोका जागचा हलवला नाही.

जात्याच्या गाण्यांत जातं तालवाद्य आहे. रिकामं जातं फिरवलं की दगडावर दगड घासून कर्कश आवाज येतो आणि दातही लवकर झिजतात. ज्वारी घातली की तोच आवाज मऊ, भरदार होतो. मूठभर ज्वारी संपत आली की आवाज पुन्हा कोरडा पडतो, त्यामुळे कडव्यांच्या मधल्या जागेत घास पडेल असं गाणं बांधावं लागतं. नुकतीच टाकी लावलेलं जातं टाळावं, त्याची खरखर गळ्यावर चढते. जात्याखाली चारपदरी पोतं घातलं की घरघर जमिनीतून माइकच्या स्टँडमध्ये चढत नाही. खुंटा करकरत असेल तर भोकात गोडेतेलाचा थेंब. गाणारी आणि दळणारी एकच असावी. दळताना अंग पुढे झुकतं तेव्हा श्वास सुटतो, मागे येतं तेव्हा भरतो, आणि ओवीची मोडणी त्या श्वासावर बसलेली असते. खुर्चीवर बसून गायलेल्या ओवीत ती जागा येत नाही. माइक म्हणून छातीच्या उंचीवर, पण तीन फूट बाजूला ठेवला, म्हणजे झुकण्यानं आवाज फार कमी-जास्त होत नाही.

या दोन गाण्यांच्या शब्दांआधी बराच अभ्यास झाला होता. वाळवा तालुक्यातल्या बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे केलेली संकलनं, तसंच हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या जात्यावरच्या ओव्या जमवणाऱ्या प्रकल्पातल्या लाखाहून अधिक ओव्या. त्यातली ओळ घ्यायची नव्हती. बाईचा शब्द कुठे तुटतो, नात्याचं नाव ओळीत कुठे येतं, भरीचा शब्द कुठे बसतो, एवढंच पाहायचं होतं.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नये. परंपरेनं आलेल्या चालीवर कुणाची मालकी नसते. मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार वादकाला आणि गायकाला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो, आणि ध्वनिमुद्रिकेवर निर्मात्याला ६० वर्षं. म्हणून प्रत्येक कलावंताशी मराठीत एक पानी करार केला, तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि मानधन वाजवायला बसण्याआधी दिलं. पार्टीप्रमुखाकडे एकरकमी पैसे देऊन मोकळं होण्याची पद्धत आहे. त्यात झीलकऱ्यांपर्यंत काय पोचलं ते कळत नाही. नावं गाण्यागणिक छापली: शब्द कुणाचे, चाल पारंपरिक वळणाची की नवी, संबळ कुणाचा, झील कुणाची.

मिश्रणात फार केलं नाही. मिरजेतल्या आवाजाला आटपाडीच्या खोलीचा घुमारा द्यायचा होता, त्यासाठी माळवदात खर्जापासून तारापर्यंत चढत जाणारा सूर स्पीकरवर वाजवून तो मुद्रित करून ठेवला होता. त्यावरून खोलीची प्रतिकृती काढता येते. दोन ठिकाणची गाणी एका घरातली वाटली ती त्यामुळे.

अल्बम दुर्लक्षित का राहिला याची काही कारणं तांत्रिक आहेत आणि ती सांगितलीच पाहिजेत. हलगीचे ठोके दाबले नाहीत (म्हणजे मोठे ठोके लहान करून बाकीचा आवाज वर आणला नाही), त्यामुळे सरासरी पातळी उणे १७ लफ्सच्या (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास राहिली. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे उणे १४ ला गाणी आणतं, पण कमी पातळीचं गाणं वर उचलताना ठोक्यांच्या डोक्यावर एक डेसिबल जागा राखतं. हलगीचे ठोके आधीच तिथवर पोचलेले, त्यामुळे उचलायला वाव उरत नाही. यूट्यूब तर कमी पातळीचं गाणं उचलतच नाही. शेजारच्या गाण्यानंतर आपलं गाणं दबकं वाटतं आणि फोनवर ऐकणारा पुढे जातो. दुसरं, ऐकलं गेल्याची नोंद स्पॉटिफायवर ३० सेकंदांनंतर होते. आमच्या तीन गाण्यांत तितका वेळ नुसतं तुणतुणं किंवा जातंच आहे. २०२४ पासून वर्षात १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला तिथे मानधनही मिळत नाही. तरीही ठोके दाबायला नको होते, यावर आजही आमच्यात दुमत नाही. दाबलेल्या हलगीला काठ उरत नाही.

बाकीची कारणं वर्गवारीची. वितरणाच्या अर्जात भक्ती, प्रादेशिक, लोकसंगीत असे खण असतात. संबळ ऐकून अल्बम भक्तीच्या खणात गेला आणि देवीचं गाणं शोधणाऱ्याला त्यात देवी सापडली नाही. जत्रेतल्या गाण्यांच्या श्रोत्याला तो संथ वाटला, शहरातल्या गिटारप्रेमींना संबळ जड. गाण्यांची नावं देवनागरीत दिली आणि रोमन अक्षरांत कशी लिहिली जातील हे ठरवून दिलं नाही, तर प्रत्येक ठिकाणी वेगळं स्पेलिंग पडतं आणि शोधात काहीच एकत्र येत नाही. अर्ज भरतानाच दोन्ही लिप्या, प्रत्येक गाण्याचा १२ अक्षरी आयएसआरसी क्रमांक (मुद्रण ओळखायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि वादकांची नावं एका तक्त्यात पक्की करून ठेवावीत. चालीपुढे नुसतं ‘पारंपरिक’ लिहिलं की त्याच वळणाच्या दुसऱ्या मुद्रणाचा मालक आपोआप दावा ठोकू शकतो, म्हणून ‘पारंपरिक वळणावर नवी रचना’ असं लिहावं आणि कराराची प्रत हाताशी ठेवावी.

कलावंतांना गाणी पेनड्राइव्हवर आणि फोनच्या मेमरी कार्डवर दिली. लिंक पाठवून भागत नाही, गाडीत आणि घरी वाजतं ते हेच. मूळ मुद्रणं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, एक मिरजेत, एक आटपाडीत. प्रत्येक गाण्याच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल आहे: सूर कुठला, सुरुवातीची आणि शेवटची लय, माइकची अंतरं, हलगी किती वेळ तापवली, हवा कोरडी की ओली. सहा महिन्यांतून एकदा डिस्क चालू करून फाइली उघडून पाहायच्या. नुसती कपाटात ठेवलेली डिस्क बंद पडल्याचं हवी असते त्याच दिवशी कळतं.